रस्त्याआधी सोबती

शनिवारची सकाळ, साडेसहाची वेळ. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल् बदायरपाशी डांबराची कड संपते आणि लाल वाळू सुरू होते. तिथे चौदा गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि चौदाही ड्रायव्हर चाकांपाशी उकिडवे बसून टायरमधली हवा सोडत होते. छपन्न चाकांमधून एकदम सुटणाऱ्या हवेचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. नाशिकला वडिलांनी गाडी शिकवली तेव्हा लांब निघायच्या आधी हवा भरून घ्यायची, हा पहिला धडा होता. इथे मला सांगत होते, पस्तीसवरून पंधरावर आण.

त्याआधी माझी छोटी परीक्षा झाली होती. गाडी कितव्या सालची, इंजिन केवढं, किती वर्षं चालवतेस, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की गाडीला पुढून आणि मागून ओढायला हूक आहेत का. मला तिथे घेऊन गेलेले माझ्या ऑफिसातले सांगलीचे दादा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “अगं, गाडी रुतणार हे धरूनच चालायचं. निघणार कशी, तेवढं आधी बघून ठेवायचं.”

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांमागे जवळपास नऊ परदेशी आहेत. नोकरीसाठी आलेला माणूस पहिले सहा महिने घर, मुलांची शाळा, लायसन्स आणि डाव्या बाजूचं स्टिअरिंग यांत घालवतो. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी लक्षात येतं, की शहराबाहेर पसरलेल्या त्या वाळूत आपण एकदाही पाऊल टाकलेलं नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, दिवाळीचा फराळ, नाटकाचा प्रयोग यांतून आपली माणसं भेटतात आणि ती भेटायलाच हवीत. पण त्या देशाची जमीन भेटायची असेल तर वाळूत जावं लागतं, आणि वाळूत एकट्यानं जाता येत नाही. म्हणून तिथे हौशी लोकांचे गट आहेत. बरेचसे विनामूल्य चालतात आणि शिकवणारे स्वतःची सुट्टी, स्वतःचं पेट्रोल खर्चून शिकवतात. माझ्या पहिल्या फेरीत म्होरक्या केरळचा होता, शेपटाला एक लेबनीज अभियंता होता आणि मधे फिलिपिनो, पाकिस्तानी, ब्रिटिश, इजिप्शियन अशी सगळी मंडळी होती.

“एकट्यानं जायचं नाही” हा नियम या गटांनी काढलेला नाही. अरबीत एक जुनी म्हण आहे: अर्-रफीक कब्ल अत्-तरीक. रस्त्याआधी सोबती. आधी सोबत कोणाची ते ठरव, मग वाट धर. रफीक हा शब्द आपल्याला हिंदी-उर्दूतून दोस्त या अर्थानं माहीत आहे, पण वाळवंटात त्याला फार नेमका अर्थ होता. बदू टोळ्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या परक्या माणसाला त्या-त्या टोळीचा एक माणूस बरोबर घ्यावा लागे. तो बरोबर असेपर्यंत त्याची टोळी परक्याच्या जिवाला जबाबदार असे. उत्तर अरबस्तानात त्याला रफीक म्हणत, दक्षिणेकडे रबीआ. विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशानं १९४६-४७ आणि १९४७-४८ अशा दोन वेळा रुब अल् खाली, म्हणजे ‘रिकामा चतकोर’ म्हणवणारं वाळवंट उंटांवरून ओलांडलं, ते अशाच सोबत्यांच्या भरवशावर. सौदी अरेबिया, ओमान, येमेन आणि अमिराती अशा चार देशांत पसरलेली ही वाळू सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. थेसिजरबरोबर रशीद टोळीचे बिन कबीना आणि बिन गबैशा हे दोन कोवळे तरुण होते. कुठे विहीर आहे, कोणत्या टेकडीला कुठून चढायचं, कोणत्या टोळीची माणसं समोरून येत आहेत, हे अशा सोबत्यांना कळत होतं. थेसिजरनं नाव कमावलं, पण वाट या सोबत्यांनी दाखवली असं मला वाटतं.

आज टोळ्यांची भीती नाही आणि रस्ता मोबाइलवर दिसतो. तरीही नियम तसाच राहिला, कारण वाळू तशीच राहिली. नवशिक्याची एकटी गाडी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत रुतली, तरी ऐन उन्हाळ्यात ते तीन किलोमीटर चालून येणं जिवावरचं ठरू शकतं. पारा ४५ अंशांच्या वर जातो, मऊ वाळूत दर पावलाला पाय मागे घसरतो आणि टेकड्यांच्या खळग्यांत मोबाइलला रेंजही नसते.

आता त्या हवेकडे येते. माझ्या मते या सगळ्या विद्येचा गाभा तिथेच आहे.

ठोकळ हिशेब करून पाहा. प्रवासी आणि सामान धरून गाडीचं वजन २,४०० किलो मानलं, तर प्रत्येक चाकावर ६०० किलो येतात. टायरमधली हवा ३५ पीएसआय असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलोचा होतो. म्हणजे ६०० किलो पेलायला टायरचा सुमारे २४० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो, आपल्या हाताच्या पंजाहून मोठा. हवा १५वर आणली की दाब एक किलोच्या आसपास येतो आणि तेच वजन पेलायला पावणेसहाशे चौरस सेंटिमीटर लागतात. टायरच्या भिंतीही थोडं वजन उचलतात, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण टेकणारा भाग दुपटीहून वाढतो हे नक्की. टायर रुंदीला थोडा आणि लांबीला जास्त पसरतो. वाळूवर गाडीचं पाऊल लांबट पडतं आणि ती खाली जाण्याऐवजी वर तरंगते. उंटाचा पाय याच कारणासाठी रुंद आणि मऊ गादीसारखा असतो. टाकलेलं पाऊल वजनाखाली पसरतं, उचललं की आवळतं.

सह्याद्रीतल्या चिखलात गाडी घालणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. थार गाडीचं नाव राजस्थानच्या वाळवंटावरून आलं असलं तरी ती बनते आमच्या नाशिकात, आणि आमच्याकडची पोरं ती पावसाळ्यात चिखलात घालतात. चिखलात खोल खाचांचा टायर लागतो, तो चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो. वाळूत खाली घट्ट काही नसतंच. खोल खाचांचा टायर तिथे फावड्यासारखा खणत जातो आणि गाडी आपलाच खड्डा आपण तयार करते. घाटात वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही म्हणून इथे पहिल्या इयत्तेत बसावं लागतं, आणि तसं बसायची ज्याची तयारी असते तो लवकर शिकतो.

हवा उतरवून वाळूत मोटार घालण्याची रीत पक्की करणाऱ्यांत राल्फ बॅग्नॉल्ड हे नाव मोठं आहे. १८९६ साली जन्मलेला हा ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये असताना सुट्टीच्या दिवसांत मित्रांना घेऊन साध्या फोर्ड गाड्या लिबियाच्या वाळवंटात न्यायचा. १९२९ आणि १९३०च्या मोहिमांत त्यांनी तिथल्या अफाट वाळूसागरात गाड्या घातल्या. तिथे गाडी जाऊच शकत नाही, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती. टायरमधली हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालायची, रेडिएटरमधून उकळून जाणारं पाणी वाया न घालवता थंड करून परत घ्यायचं, चुंबकाऐवजी सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र वापरायचं, या सगळ्या युक्त्या त्या हौशी मंडळींनी प्रत्यक्ष करून तपासल्या. पुढे १९४० साली याच अनुभवावर ब्रिटिश सैन्याचं वाळवंटी टेहळणी पथक उभं राहिलं. बॅग्नॉल्डला मात्र वाळूचं कोडं सुटत नव्हतं. एवढाले ढिगारे आकार न मोडता सरकतात कसे? इंग्लंडला परतल्यावर त्यानं वाऱ्याचा बोगदा बांधून वाळूच्या कणांची उडी मोजली आणि १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या अभ्यासणारेही अजून तेच पुस्तक उघडतात. २०१५च्या अखेरीस क्युरिऑसिटी यान मंगळावरच्या ज्या टेकड्यांपाशी पोचलं, त्यांना बॅग्नॉल्डचंच नाव दिलेलं आहे. सुट्टीत मित्रांबरोबर गाडी घेऊन भटकणाऱ्या माणसाचं काम तिथवर पोचलं, याचा मला फार आनंद वाटतो.

बॅग्नॉल्डनं जे मोजलं ते पहिल्याच दिवशी कामाला येतं. वाळूच्या टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. अमिरातीत शमाल हा वायव्येचा वारा मुख्य. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू लांब, सौम्य चढाची आणि दाबून बसलेली असते. कण उड्या मारत माथ्यावर येतात आणि पलीकडे कोसळतात, ती दुसरी बाजू. तिचा उतार साधारण ३४ अंशांचा असतो, त्याहून जास्त नाही, कारण कोरडी वाळू त्यापेक्षा उभी राहूच शकत नाही. आपल्याकडे बांधकामापाशी वाळूचा ट्रक रिकामा केल्यावर जो ढीग पडतो त्याचाही कोन तेवढाच असतो. ही घसरती बाजू भुसभुशीत असते, तिच्यावरून खाली उतरता येतं, वर चढता येत नाही. म्हणून वाळूतली वाट जाताना एक असते आणि येताना वेगळी. नकाशावर सरळ दिसलेली दिशा तिथे फारशी उपयोगाची नसते, वाऱ्यानं जिथे वाट दिली तिथून जावं लागतं.

घसरतीवरून उतरताना गाडीचं नाक सरळ खाली हवं. जरा तिरकी झाली की मागचा भाग ओघळू लागतो आणि गाडी आडवी होऊन कोलांटी घेऊ शकते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तीच चूक असते. स्टिअरिंग उताराच्या दिशेनं वळवायचं आणि हलका अॅक्सिलरेटर द्यायचा, मग गाडी सरळ होते. हे वाचून कळतं. शरीराला कळायला, शेजारी बसलेल्या माणसानं शांत आवाजात पाच-सहा वेळा सांगावं लागतं.

वाळूचा स्वभाव दिवसभरात बदलतो. पहाटे दव पडलेलं असतं, कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा धरून असतो आणि वाळू घट्ट लागते. उन्हं वर आली की तो सुकतो आणि सकाळी सहज चढलेली टेकडी अकराला गाडी गिळते. दुपारी आणखी एक गोष्ट होते, तिचा इशारा मला कुणी दिला नसता तर मी फसले असते. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि समोरचं सगळं सपाट दिसू लागतं. दहा मीटरचा खळगा पुढ्यात असूनही डोळ्याला लाल रंगाची एक पाटी दिसते. त्यामुळे फेऱ्या सकाळी लवकर निघतात किंवा दुपार टळल्यावर.

आणि सबखा. किनाऱ्याजवळ आणि काही ठिकाणी टेकड्यांच्या मधल्या सपाटीत मिठाचा पांढरट थर असतो, वरून टणक दिसतो. खाली ओल असेल तर गाडी थेट चिखलात जाते आणि तिथून ती काढणं वाळूपेक्षा कितीतरी अवघड. वाट माहीत नसेल तर पांढऱ्या सपाटीवर जायचं नाही, एवढं लक्षात ठेवलेलं पुरतं.

वारीतल्या दिंडीत जसा क्रम ठरलेला असतो, तसाच ताफ्यातही ठरलेला असतो. पुढे म्होरक्या, मागे शेपटाची गाडी, मधे नवशिके आणि दर चार-पाच गाड्यांमागे एक जाणता. क्रम मोडायचा नाही. पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच जायचं, कारण तिनं ती वाळू तपासलेली आहे. आरशात मागची गाडी दिसत राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की थांबायचं आणि वायरलेसवर सांगायचं. असं प्रत्येकानं केलं तर चौदा गाड्यांची साखळी तुटत नाही आणि कुणी हरवत नाही. मला ही रीत फार आवडते. प्रत्येकाला फक्त आपल्या मागच्या एकाची काळजी घ्यायची असते, आणि तेवढ्यानं सगळ्यांची काळजी घेतली जाते.

चढावर मात्र एका वेळी एकच गाडी. पुढचा माथा ओलांडून, पलीकडे सुरक्षित जागी जाऊन ‘मोकळं’ असं वायरलेसवर सांगेपर्यंत मागच्यानं खालीच थांबायचं. प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावतात तोही याचसाठी. दोन गाड्या एकाच माथ्यावर दोन बाजूंनी येत असतील, तर गाड्या दिसायच्या आधी झेंडे दिसतात. माझ्या पहिल्या झेंड्याचा रंग भगवा होता. मला तो शोभेचा वाटला होता, दादांनी समजावलं की लाल वाळूवर निळं आकाश मागे असताना तो सगळ्यात लांबून दिसतो.

तिसऱ्या फेरीत मी रुतले. मधल्या उंचीचा चढ होता, पुढचा थोडा अडखळला असं वाटून मी अर्ध्यात पाय उचलला, गाडीचा जोर गेला, आणि घाबरून मी अॅक्सिलरेटर दाबत राहिले. चार-पाच सेकंदांत चारही चाकं अर्धी आत गेली आणि गाडी पोटावर बसली. पोट टेकलं की वजन चाकांवरून जातं आणि मग चाकं कितीही फिरवली तरी पकड मिळत नाही. पाय उचलल्याबरोबर थांबले असते आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागे आले असते, तर सुटले असते. ब्रेकही करकचून मारायचा नसतो. त्यानं चाकांपुढे वाळूचा बांध उभा राहतो आणि निघताना तो ओलांडावा लागतो. गाडी थांबवायची ती तिची तिला थांबू द्यायची, शक्यतो नाक उताराकडे ठेवून. गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक व्यवस्था चाक घसरलं की आपणहून इंजिनाचा जोर कमी करते. रस्त्यावर ती जीव वाचवते, वाळूत मात्र नेमक्या चढावर गाडी मारते, म्हणून वाळूत शिरताना ती बंद करतात. मी विसरले होते.

कुणी रागावलं नाही. शेपटाचा लेबनीज गृहस्थ फावडं घेऊन आला, आम्ही तिघांनी गाडीच्या पोटाखालची वाळू उपसली आणि मग दोर लावला.

दोराबद्दल मात्र मी थांबून लिहिणार आहे, कारण या छंदात इथे माणसाचा जीव जाऊ शकतो. ओढायचा नायलॉनचा दोर ताणला जाणारा असतो, ३० टक्क्यांपर्यंत लांबतो. ओढणारी गाडी झेप घेते, दोर ताण साठवतो आणि रुतलेल्या गाडीला एका लयीत उचलून बाहेर काढतो. त्या क्षणी दोरात गलोलीसारखी ताकद असते. दोराचं टोक कच्च्या जागी अडकवलेलं असेल तर ती जागा तुटते आणि लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो. सगळ्यात धोक्याचा म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायला असलेला गोळा. तो स्थिर ओझं ओढण्यासाठी बनवलेला असतो, झटक्यासाठी नाही. त्याला दोर कधीही लावायचा नाही. चासीला बोल्टनं पक्का बसवलेला हूकच वापरायचा, शक्य तिथे लोखंडी कड्याऐवजी दोरीची विणलेली कडी घालायची, आणि दोन ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभं राहायचं. पहिल्या दिवशी हुकांबद्दल का विचारलं, ते मला तिसऱ्या फेरीत कळलं.

बहुतेक गटांत पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी नवशिक्यांच्या फेऱ्या, त्यात हवा, ताफ्याची शिस्त, लहान चढ-उतार आणि रुतलेली गाडी काढणं. शिकवणाऱ्या जाणत्यानं, म्हणजे मार्शलनं, पसंती दिली की पुढची पायरी. घाई करणारे असतात. मोठी ताकदवान गाडी घेऊन आलेला माणूस दुसऱ्याच आठवड्यात अवघड फेरीला नाव देतो आणि मार्शल त्याला नम्रपणे नाही म्हणतो. मला यात काहीच वावगं दिसत नाही. वाळूत एकाच्या चुकीला तेराजण फावडं घेऊन उभे असतात, तेव्हा त्या तेराजणांना विचारायचा हक्क आहेच. जुन्या वापरलेल्या, काहीही बदल न केलेल्या पजेरोवरून सुरुवात केलेली कितीतरी माणसं आज लिवाच्या फेऱ्यांचं म्होरकेपण करतात.

लिवा हे या मंडळींचं पंढरपूरच. अबुधाबीच्या दक्षिणेला, रुब अल् खालीच्या काठावर खजुराच्या बागांची कमानीसारखी वळलेली ओळ आहे. अबुधाबी आणि दुबईची राजघराणी ज्या बनी यास टोळीतली, तिचं मूळ ठिकाण हे. तिथली मोरीब टेकडी सुमारे ३०० मीटर उंच आहे. तिथे जायचं तर एका दिवसात भागत नाही, वाळूत मुक्काम करावा लागतो. मुक्कामाची रात्र आम्ही शेकोटीभोवती काढली. कुणी बिर्याणी आणली होती, मी तिळगूळ नेला होता, जानेवारी होता. चौदा वेगवेगळ्या घरची माणसं तिळगूळ खाताना मी कधी पाहिली नव्हती.

दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या न कळल्यानं लोक मोठ्या खड्ड्यात जातात. भाड्याच्या गाडीला सहसा वाळूत न्यायची परवानगी नसते, आणि स्वतःच्या गाडीच्या विम्यात रस्ता सोडून चालवण्याचं कलम आहे का ते स्वतः वाचून घ्यावं. माझ्या ओळखीतल्या एकाचा बंपर आणि रेडिएटर गेला, विम्यात ते कलम नव्हतं, सगळा खर्च खिशातून झाला. दुसरं म्हणजे, घरी परतताना डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी टायरमध्ये पूर्ण हवा भरायची. कमी हवेच्या टायरच्या भिंती वेगात तापतात आणि फुटतात. पंपावरच्या रांगेचा कंटाळा करून तसेच शंभरच्या वेगानं निघालेले लोक मी पाहिलेत. हे करू नका.

वाळूतल्या झाडाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्या फेरीत दुपारी आम्ही एका झाडाखाली थांबलो. बारीक पानांचं, काटेरी, वाकडंतिकडं, पण भरपूर सावली देणारं. तिथे त्याला गाफ म्हणतात. २००८ साली ते अमिरातीचं राष्ट्रीय झाड ठरलं आणि २०१९ हे वर्ष देशानं सहिष्णुतेचं म्हणून साजरं केलं तेव्हा बोधचिन्हही याच झाडाचं होतं. पान हातात घेतल्यावर मला ओळख पटली. ही शमी. गणपतीला आपण वाहतो ती, पांडवांनी अज्ञातवासात जिच्या ढोलीत शस्त्रं लपवली म्हणतात ती, दसऱ्याला सीमोल्लंघन करून जिची पूजा करतात ती. राजस्थानात हीच खेजडी. पाण्यासाठी तिची मुळं तीस मीटरपर्यंत खाली जातात आणि म्हणूनच पाऊस नसलेल्या वाळूत ती हिरवी राहते. सीमा ओलांडायच्या दिवशी जिला नमस्कार करतात, ती सीमेपलीकडे इतक्या लांब माझी वाट पाहत उभी असेल असं मला वाटलं नव्हतं.

जाणते म्होरके गाफच्या फार जवळून गाडी नेऊ देत नाहीत, कोवळी रोपं चाकाखाली सहज जातात. वाळू रिकामी दिसते, पण रिकामी नसते. काटेरी शेपटीचे सरडे, हरणं, रात्री बाहेर पडणारे कोल्हे, सगळे तिथेच राहतात. अरबी ओरिक्स हे पांढरं, लांब शिंगांचं हरीण १९७२ पर्यंत शिकारीनं निसर्गातून संपूर्ण नाहीसं झालं होतं. प्राणिसंग्रहालयांत वाढवून ते पुन्हा सोडावं लागलं. दुबईतलं २२५ चौरस किलोमीटरचं वाळवंट आज कुंपण घालून राखलेलं आहे आणि तिथे हौशी ताफ्यांना मज्जाव आहे. तो मज्जाव योग्यच आहे. बाहेरच्या वाळूतही आपला कचरा आपल्याबरोबर परत आणायचा, उंटांच्या कळपापाशी वेग उतरवायचा आणि गाड्यांच्या झुंडीनं कुठल्याच प्राण्याचा पाठलाग करायचा नाही. गटात नवा येणारा हे सगळं म्होरक्याकडे पाहूनच शिकतो. त्यामुळे गट निवडताना तो किती उंच टेकड्या चढतो यापेक्षा दुपारच्या थांब्यावरून उठताना मागे काय टाकून जातो, ते बघा.

आखातात नव्यानं आलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींना एकच सुचवते. ऑक्टोबरात ऊन उतरलं की नवशिक्यांच्या फेऱ्या सुरू होतात. गाडी घ्यायची घाई करू नका. आधी एकदा दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून जा. पायात बंद बूट असू द्या, माणशी पाच लिटर पाणी न्या, आणि कुणाची गाडी रुतली की सगळ्यांबरोबर खाली उतरून फावडं हातात घ्या.